चिवट मासा टाकीत नको

घरच्या टाकीत मासे पाळणाऱ्याला सर्वांत मोठी धास्ती असते ती मासा मरण्याची. वर्ध्यात ती अधिकच, कारण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पाणी तापेल तसा त्यात प्राणवायू कमी विरघळतो: १५ अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. अशा गावात काहीही सोसणारा मासा हवाहवासा वाटला तर नवल नाही. आफ्रिकी मागूर तसा आहे. शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपायनस. बाजारात तो थाई मांगूर म्हणून विकला जातो. पण ज्या गुणासाठी तो आणावासा वाटतो, त्याच गुणामुळे तो आणू नये, असं माझं म्हणणं आहे.

या मासळीच्या कल्ल्यांच्या वर फुलकोबीसारखा फुटवे असलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो शोषतो. त्यामुळे अंग ओलं असेल तर हा मासा पाण्याबाहेरही तासन्‌तास तगतो, चिखलात दबून राहतो, पावसाळी रात्री एका डबक्यातून दुसऱ्यात सरपटत जातो. मलावी सरोवराच्या खोल पाण्यात त्याच्याच वंशातून निपजलेल्या बॅथीक्लॅरियस माशांत मात्र हा अवयव आक्रसला आहे, काहींत तर उरलेलाच नाही. खोल, न आटणाऱ्या पाण्यात त्याची गरजच पडली नाही. ‘इथल्या पाण्यात सोडला तरी तो जगायचा नाही’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आपल्या जिल्ह्यातले नाले आणि तळी पावसाळ्यात तुडुंब, उन्हाळ्यात डबकी. हा अवयव नेमक्या अशाच पाण्यासाठीचा. शिवाय हा मासा अंडी घालतो तीही पुराने बुडालेल्या गवतावर, आणि किलोभर मादीची अंडी हजारोंनी मोजावी लागतात. आपला पावसाळा त्याला परका नाही.

टाकीचं गणित तर पहिल्या वर्षातच कोसळतं. पोटभर खाद्य मिळालं तर तळ्यात सहा-आठ महिन्यांत तो किलोभराचा होतो. पूर्ण वाढला तर दीड मीटरपर्यंत जातो. दोन फुटी टाकीत त्याला वळताही येणार नाही. नीट पाळायचा तर हौदाएवढी टाकी, दणकट फिल्टर, पाण्यावर हवेसाठी मोकळी जागा आणि तिच्यावर वजन ठेवलेलं झाकण हवं. रात्री आठ मिशांनी चाचपत तो शिकार करतो, त्यामुळे सोबतचे गप्पी आणि गोल्डफिश सकाळपर्यंत उरतील याची खात्री नाही. बोटभर पिलू विकताना हे कोण सांगतं? मग मारवत नाही, ठेववत नाही, आणि धाम किंवा बोर नदी जवळ वाटू लागते. त्यांचं पाणी वेणेतून वर्धेत आणि पुढे प्राणहितेतून गोदावरीत जातं.

एकटा मासा करून करून काय करणार, असं कोणी म्हणेल. एकटाही तो वर्षानुवर्षं स्थानिक मासे आणि बेडूक खातच राहील, आणि तशीच अडचण झालेला दुसरा हौशी त्याला जोडीदार पुरवील. आपला देशी मागूर आधीच धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडतो; उबवणी केंद्रात या दोघांचा संकर करता येतो, त्यामुळे नुसतं खाल्लं जाण्यापेक्षा मोठी भीती देशी वाण भेसळण्याची आहे. तिलापिया आणि सायप्रिनस धरणांत आधीच आहेत, हा आक्षेप जास्त वजनदार. त्यांनीही नुकसान केलं आहे, हे मान्य. पण ते असे पट्टीचे शिकारी नाहीत आणि तळं आटलं की मरतात. एकदा चूक झाली म्हणून तिच्याहून मोठी चूक करण्याची मुभा मिळत नाही.

केंद्र सरकारने २००० मध्ये याच्या पालनावर बंदी घातली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना बजावलं, आणि त्यानंतर ठाणे जिल्ह्यासह अनेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाने साठे नष्ट केले. या सगळ्या कारवाईचा रोख तळ्यांवर. दुकानातलं बोटभर पिलू सहज निसटतं, कारण ते देशी मागुराच्या पिलासारखंच दिसतं. म्हणून मागूर जातीचं कोणतंही पिलू हौसेसाठी घेऊच नये. ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं, आणि तोवर टाकीच्या झाकणावरचं वजन काढू नये, पावसाळ्यात तर नाहीच.