जुन्या बग्ग्यांची नवी फेरी

रेडिओ कंट्रोल बग्गी ही खऱ्या गाडीच्या साधारण एक दशांश मापाची, बॅटरीवर धावणारी आणि खडबडीत जमिनीसाठी बांधलेली छोटी गाडी. या लेखातल्या बग्ग्या तयार नव्हे, तर किट म्हणून मिळतात. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग, गिअर, स्प्रिंगा, टायर, मोटर, स्क्रूंच्या पुड्या आणि चित्रांची पुस्तिका असते, आणि गाडी जोडायचे काम घेणाऱ्याचे असते. या बग्ग्यांचा बहराचा काळ १९७९ ते १९८९ हा होता. त्यानंतर एकेक करून त्या बाजारातून गेल्या. २००४ च्या सुमारास मूळ कंपन्यांनी त्याच गाड्या, बहुतेक त्याच नावांनी आणि बऱ्याचदा त्याच चित्रांच्या खोक्यांत पुन्हा आणायला सुरुवात केली. छंदिष्टांमध्ये त्यांना ‘री-रिलीज’ म्हणतात.

या कथेत सर्वांत मोठा वाटा जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचा आहे. १९४६ मध्ये लाकडाचा व्यवसाय म्हणून सुरू झालेली ही कंपनी आधी लाकडी आणि मग प्लॅस्टिकची मॉडेल बनवू लागली. १९७० च्या दशकात तिने पोर्श ९३४ या शर्यतीच्या गाडीचे अतिशय बारकाव्यांचे मॉडेल काढले. त्यासाठी कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करवली होती. एवढा खर्च भरून काढायचा, तर तेच मॉडेल आणखी कुठेतरी वापरायला हवे होते. त्यातून १९७६ मध्ये कंपनीची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी आली. ती गुळगुळीत रस्त्यासाठी होती. खरी उडी १९७९ ची. त्या वर्षी ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन गाड्या आल्या. कॅलिफोर्नियाच्या वाळूत धावणाऱ्या, फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर उभ्या केलेल्या बग्ग्या हा त्यांचा नमुना होता. ओतीव धातूचे सस्पेन्शन, फायबरग्लासची चेसिस आणि रेडिओचे भाग पाण्याधुळीपासून वाचवणारी पारदर्शक पेटी त्यांत होती. आजही हा आराखडा हातात घेतला की त्यातली अभियांत्रिकी खेळण्याची वाटत नाही.

पुढची दहा वर्षे शोधांची होती. १९८३ मध्ये ‘फ्रॉग’, १९८४ मध्ये स्वस्त आणि दणकट ‘ग्रासहॉपर’ व तिची वेगवान बहीण ‘हॉर्नेट’, १९८५ मध्ये चारही चाकांना जोर देणारी ‘हॉटशॉट’ आणि १९८८ मध्ये महागडी, गुंतागुंतीची ‘अवांते’ आली. तामिया एकटी नव्हती. क्योशो कंपनीची ‘स्कॉर्पियन’ १९८२ ची आणि साखळीवर चालणारी ‘ऑप्टिमा’ १९८५ ची. अमेरिकेत असोसिएटेड कंपनीने १९८४ मध्ये सोनेरी अॅल्युमिनियम चेसिसची ‘आरसी१०’ काढली. तिचा उद्देश निव्वळ शर्यत जिंकणे हा होता, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे झालेल्या पहिल्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेत दोन चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांच्या गटाचे विजेतेपद तिने मिळवले. या शर्यतीच्या ओढीनेच जुन्या गाड्या मागे पडल्या. दर हंगामात आराखडे बदलू लागले, १९९० च्या दशकात डांबरी ट्रॅकवरच्या टूरिंग गाड्यांची लाट आली, आणि मजेसाठी घेतलेली बग्गी दुकानाच्या फळीवरून उतरली.

ती परत आली तेव्हा सुरुवात हॉर्नेटपासून झाली. २००४ मध्ये हॉर्नेट, २००५ मध्ये ग्रासहॉपर आणि फ्रॉग, २००७ मध्ये हॉटशॉट, २०११ मध्ये अवांते असा क्रम लागला. रफ रायडर २००९ मध्ये ‘बग्गी चँप’ या नावाने आली आणि पाठोपाठ २०१० मध्ये सँड स्कॉर्चर. असोसिएटेडने २०१३ मध्ये आरसी१०, तर क्योशोने २०१४ मध्ये स्कॉर्पियन पुन्हा काढली. लहानपणी ज्यांना ही गाडी फक्त काचेआड पाहायला मिळाली, ते आता कमावते झाले होते, हे त्यामागचे उघड कारण. दुसरे कारण व्यावहारिक आहे. जुने प्लॅस्टिक वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होते, आणि मूळ किट न उघडलेल्या खोक्यात सापडले तरी त्याची किंमत ते चालवू देत नाही. नव्या गाडीचे बहुतेक भाग जुन्या गाडीलाही बसतात. त्यामुळे माळ्यावर पडलेल्या कितीतरी मूळ गाड्या पुन्हा धावू लागल्या, आणि री-रिलीजचा हा उपयोग सर्वांत मोलाचा मानायला हवा.

पुन्हा काढताना काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे, हा प्रश्न नाजूक असतो. एक बदल सगळीकडे झाला आहे. मूळ गाड्यांत वेग कमी-जास्त करायला एक छोटी सर्व्हो मोटर धातूची पट्टी संपर्कबिंदूंवरून सरकवायची, आणि कमी वेगात उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जायची. तो रेझिस्टर बोट भाजण्याइतका तापे. आता त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर असतो. काही ठिकाणी जुना दोषही काढला गेला. फ्रॉगच्या मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यांची षटकोनी टोके लवकर झिजत. नव्या गाडीत तो सांधा बदलला आहे. पण खडबडीत जमिनीवर हॉर्नेटचे उड्या मारणे मात्र तसेच ठेवले, आणि ते योग्यच केले. ते काढून टाकले असते तर ती हॉर्नेट राहिली नसती.

हॉर्नेट जोडताना हे उड्यांचे गुपित आपोआप उलगडते. चेसिस म्हणजे एबीएस प्लॅस्टिकचा खोल तराफा. मागे मोटर, गिअर आणि चाकांचा आस हे सगळे एकाच पेटीत बसतात, आणि ती अख्खी पेटी चेसिसला बिजागरीसारखी टांगून तिच्यावर धक्के शोषणारे तेलाचे दोन डॅम्पर लावतात. म्हणजे खड्डा आला की चाकासोबत मोटरचेही वजन वर उचलले जाते आणि तितक्याच जोराने खाली येते. पुढच्या स्प्रिंगांना तर तेलच नाही, त्या दाबल्या की उसळतात. हे कारण पुस्तकात वाचण्यापेक्षा गिअरबॉक्स हातात धरून वर-खाली हलवला की चटकन कळते.

जोडणीत हत्यारांपैकी सर्वांत दुर्लक्षित होतो तो स्क्रूड्रायव्हर. किटमधले स्क्रू जपानी प्रमाणाचे असतात. त्यांची खाच नेहमीच्या फिलिप्स टोकासारखी दिसते, पण तिचा आकार थोडा वेगळा आहे, आणि चुकीचे टोक जोर लावताच घसरून खाच घासून टाकते. जपानी मापाचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर घेतला की निम्मा त्रास संपतो. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो. तो काढून पुन्हा बसवायचा असेल तर आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मगच आवळावा. तसे न केल्यास दुसरे आटे पडतात आणि भोक सैल होते. धातूच्या नटांना लावायचे लॉकिंग द्रव एबीएसवर सांडू देऊ नये, कारण त्याने प्लॅस्टिकला चिरा पडतात.

गिअरच्या दात्यांना ग्रीस अगदी हलक्या हाताने लावावे. किटमध्ये चाकांसाठी बहुधा साधे बुश येतात. त्यांच्या जागी सुरुवातीलाच बॉल बेअरिंग घालणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ सुधार आहे, कारण नंतर ते घालायला अर्धी गाडी उकलावी लागते. डॅम्परच्या नळीत तेल भरल्यावर दट्ट्या सावकाश वर-खाली करून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत थांबावे. इथे घाई केली तर एका बाजूचा डॅम्पर मऊ आणि दुसरा कडक होतो. स्टीअरिंगच्या सर्व्होला आधी रेडिओ जोडून मध्यावर आणावे आणि मगच त्याचा हात बसवावा. हा क्रम चुकला तर गाडी कायम एका बाजूला ओढते आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

बॉडी रंगवणे हे वेगळेच कौशल्य आहे. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला रंग आतून देतात, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग आपटला-घासला तरी रंग उडत नाही. त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो. वरून जे आधी दिसायचे, ते आधी रंगवायचे. गडद पट्टे पहिल्यांदा, फिकट रंग नंतर, आणि शेवटी फिकट रंगामागे पांढऱ्याचा हात. बॉडी आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, खिडक्यांवर मास्क चिकटवावेत आणि रंगाचे पातळ थर वाळू देत देत द्यावेत. इथे पॉलिकार्बोनेटचाच रंग हवा. मॉडेल रंगवण्याचा नेहमीचा स्प्रे यावर धरत नाही, पहिल्याच आपटीत पापुद्रे सुटतात. ग्रासहॉपरची बॉडी मात्र टणक प्लॅस्टिकची, तिला रंग बाहेरूनच. ड्रायव्हरचा छोटा पुतळा रंगवायला जितका वेळ द्यावा तितका थोडा, आणि ज्यांनी तो मनापासून रंगवला त्यांची गाडी लांबूनही ओळखू येते.

रेडिओच्या बाबतीत काळ खरोखर बदलला आहे. पूर्वी या गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालत, प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा लागे, आणि मैदानात दोघांची लहर एकच निघाली की एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमावर पळे. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापल्या गाडीशी जोडीने बांधलेले असतात, तो गोंधळ राहिला नाही. बॅटरीही पूर्वी १,२०० मिलीअँपिअर-तासांच्या निकेल-कॅडमियम सेलची असे आणि दहाएक मिनिटांत संपे. आता निकेल-मेटल हायड्राइडच्या ७.२ व्होल्टच्या माळेत त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज मावते. लिथियम-पॉलिमर वापरायची असेल तर व्होल्टेज फार खाली जाण्याआधी प्रवाह तोडणारा स्पीड कंट्रोलर हवाच, आणि चार्जिंग तिच्याच चार्जरवर, कुणीतरी जवळ असतानाच. जुन्या गाडीतली बॅटरीची जागा गोल सेलच्या माळेसाठी घडवलेली असल्याने चौकोनी कडांची बॅटरी तिथे बसेलच असे नाही. विकत घेण्याआधी मोजून पाहावे.

चालवताना नवशिक्याला पहिली अडचण येते ती गाडी समोरून आपल्याकडे येताना. तेव्हा तिचे डावे ते आपले उजवे. स्वतःला गाडीत बसलेले कल्पून हात फिरवला की दोन-चार बॅटरींत सवय होते. मागच्या चाकांवर चालणारी बग्गी वळणात पूर्ण थ्रॉटल दिला की गर्रकन फिरते. वळणाआधी वेग उतरवावा, वळणात हलका जोर द्यावा आणि चाके सरळ झाली की पुढे सोडावी. हॉर्नेटची पुढची टायर धारेची आणि मागची टोकदार खुंट्यांची असल्याने मऊ मातीत ती छान धरते. मुरमाड, खड्यांच्या मैदानावर मात्र ती सतत उडते, आणि ते सांभाळत तिला सरळ नेणे हाच तिचा खरा आनंद आहे. हॉटशॉटसारखी चारही चाकांची गाडी तिथे जास्त स्थिर वाटते, पण तिच्यात पुढे-मागे एकेकच डॅम्पर असल्याने वळणात ती आपल्याच ढंगाने झुकते. अवांते घेण्याची घाई पहिल्या गाडीसाठी करू नये. तिचे भाग महाग आणि जोडणी किचकट आहे, आणि तिचे कौतुक दुसऱ्या-तिसऱ्या किटनंतर जास्त कळते.

फेरी संपली की बॅटरी लगेच काढावी, मोटर हाताला सोसवेल इतकी थंड होऊ द्यावी आणि मऊ ब्रशने धूळ झाडावी. बारीक धूळ बुशांत आणि डॅम्परच्या दांड्यांवर बसली की पॉलिश पेपरसारखी झीज करते. पाण्यातून नेल्यास बेअरिंग वाळवून त्यांना तेलाचा थेंब द्यावा. पुढचे बंपर आणि सस्पेन्शनचे हात धडकेत आधी मोडतात, त्यांचा एकेक सुटा भाग खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवलेला बरा, कारण री-रिलीजचे उत्पादनही तुकड्यांत होते आणि दोन तुकड्यांमध्ये बराच खंड पडतो.