दीक्षाभूमीवरून परतताना विजासनकडे वळा!

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मक्रांती घडली आणि अवघ्या दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात जनसागराला धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी अपार मेहनत घेतली होती. आजही दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी पांढऱ्या वस्त्रांनी फुलून जाते. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतूनही आपले बांधव शिदोरी बांधून येतात. वंदना होते, भाषणे होतात, पुस्तके विकत घेतली जातात आणि गाड्या परतीला लागतात. वरोऱ्याच्या वाटेने नागपूरकडे निघालेल्या गाड्या भद्रावतीवरूनच जातात. पण भद्रावतीला त्यातल्या किती थांबतात?

भद्रावती म्हणजे जुने भांदक. चंद्रपूरहून गाडीने फार तर पाऊण तासाची वाट. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. एक लांब बोळ सरळ डोंगराच्या पोटात शिरतो, त्याला डावी-उजवीकडे आणखी दोन बोळ फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी गाभाऱ्यात तथागत बसलेले आहेत. अजिंठ्याची चित्रे इथे नाहीत, वेरूळचे नक्षीदार खांब नाहीत. अंधारातून चालत जावे आणि शेवटी बुद्धासमोर उभे राहावे, एवढेच आहे. पण हे 'एवढेच' फार मोठे आहे. १९५६ साली आपण कुठल्या परक्या धर्मात गेलो नाही, आपल्याच मातीत गाडलेल्या वारशाकडे परत आलो, याची साक्ष हा दगड देतो.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्यूएनत्संग कोसल देशात आला होता. तिथला राजा बौद्ध असल्याचे, शंभर संघाराम असल्याचे आणि त्यांत दहा हजारांच्या जवळपास भिक्खू राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्या कोसलची राजधानी कुठली, याचा शोध एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अभ्यासक घेत होते. कोणी चांदा म्हटले, कोणी भांदक, तर कोणी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड. पुढच्या अनेक अभ्यासकांचा कल मात्र छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे गेला. म्हणून राजधानी आमचीच होती, असा हट्ट आम्ही धरणार नाही. खोट्या पुराणांवर पोसलेल्यांशी लढताना आपणच नवी पुराणे रचायची, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारे नाही. जे खरे आहे तेच पुरेसे आहे. त्याचा पुरावा नागभीड तालुक्यातल्या देवटेक गावाने दिला आहे.

देवटेकच्या एका पडक्या देवळात एक मोठी शिळा सापडली. ती पुढे नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात नेण्यात आली. या एकाच शिळेवर दोन लेख आहेत. एक ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला, अशोककाळातला. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशी आज्ञा त्यात आहे. दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळात कोरलेला. त्यात रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे. हा राजा महाभैरवाचा भक्त होता. आपल्या लेखासाठी त्याने आधीचा लेख छिन्नीने तासून काढला, असे वा. वि. मिराशींनी म्हटले आहे. मिराशी काही आपल्या चळवळीतले नव्हते. ते संस्कृतचे पंडित होते. म्हणूनच त्यांची साक्ष अधिक मोलाची आहे.

बंधूंनो, हा प्रसंग नीट समजून घ्या. हिंसा करू नका, असे सांगणारी अक्षरे होती. ती खरवडून तिथे राजाच्या धर्मस्थानाची अक्षरे बसवली गेली. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती बसला आणि ते अष्टविनायकांतले एक स्थान झाले. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ उभे राहिले आणि लोक चैत्य विसरून देवीला जाऊ लागले. जिथे आपला माणूस जात नाही, तिथे दुसऱ्याचे नाव चढते. अशोकाची आज्ञा पूर्ण पुसली गेली नाही, उरलेली अक्षरे वाचता आली, म्हणून सत्य बाहेर आले. पण वाचणारा तिथे पोहोचला, हेही तितकेच खरे आहे.

याच जिल्ह्यातला दुसरा इतिहास आपल्या आदिवासी बांधवांचा आहे. दीक्षाभूमीला येणारे कितीतरी लोक जटपुरा गेटच्या गर्दीतून जातात. हा दरवाजा गोंड राजांच्या परकोटाचा आहे, हे मुलांना कोण सांगते? जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार वेशींच्या आत अख्खे शहर वसवणारे हे राजे होते. राणी हिराईने बीरशहाची समाधी बांधली, तीही इथेच आहे. इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरातच फाशी देण्यात आली. १६ ऑक्टोबर आणि २१ ऑक्टोबर यांत पाचच दिवसांचे अंतर आहे. पण दोन्ही दिवशी जमणारी माणसे एकमेकांना भेटत नाहीत! हे अंतर तारखांचे नाही, मनांचे आहे. ते आपणच ओलांडले पाहिजे.

आणि जिथे बांधकामच नाही, तिथे काय? गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. माडिया-गोंडांच्या श्रद्धेचे हे ठिकाण. जानेवारीत इथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. तिथे कोरीव शिखर नाही, शिलालेख नाही. डोंगर हेच देवस्थान आहे. त्या डोंगराच्या पोटात लोहखनिज निघाले आणि खाण सुरू झाली. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली. अख्खा डोंगर पूजणाऱ्या समाजासाठी अशी शंभर मीटरची रेघ कोण ओढणार? १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला अधिकार देतात. ते अधिकार कागदावरून जमिनीवर यावेत, म्हणून तिथले लोक झगडत आले आहेत. देवटेकला छिन्नी होती, सूरजागडला यंत्रे आहेत. तासले जाते ते मात्र दुबळ्यांचेच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आंबेडकरी माणसाने प्रवासी व्हावे, पण यात्रेकरू होऊन नव्हे. नवस फेडायला आपण जात नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने बुद्धमूर्तीपुढे नारळ फोडू नये, हे सांगायला नको. पण आपल्या हातूनही चुका होतात. लेण्यात मेणबत्त्या आणि अगरबत्त्यांचा धूर कोंडतो आणि दगड काळा पडतो. भिंतीवर कोणी 'जय भीम' कोरून येतो. ज्या दगडाने आपला इतिहास जपला, त्यालाच ओरखडे काढणे ही भक्ती नाही, निष्काळजीपणा आहे. वंदना बाहेर मोकळ्या जागेत घ्या, आत बॅटरी घेऊन जा आणि डोळे उघडे ठेवून पाहा.

प्रत्येक गाडीत एक तरी वाचणारा माणूस असावा. त्याने लेण्याची माहिती आधी काढावी आणि तिथे बसून सर्वांना सांगावी. मुलांच्या हातात वही द्या, बोळ पावलांनी मोजायला लावा, मूर्तीचा हात कसा आहे ते काढायला सांगा. नागपूरच्या संग्रहालयात गेलात, तर देवटेकची शिळा विचारून पाहा. चंद्रपुरात एक दिवस जास्त राहून परकोटाच्या वेशींवरून फिरा आणि शक्य असेल तर २१ ऑक्टोबरच्या अभिवादनालाही थांबा. फलक चुकीचा असेल किंवा मूर्तीला शेंदूर लागलेला दिसला, तर तिथेच भांडत बसू नका. फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली ती यासाठीच.

मार्कंड्याला महाशिवरात्रीला एसटीच्या जादा गाड्या सुटतात, कारण तिथे लोक जातात. विजासनला लोक जातील, तेव्हा तिथेही गाड्या थांबतील, फलक लागतील, दिवे येतील. मागणी नंतर, पावले आधी! येत्या ऑक्टोबरमध्ये गाडी ठरवताना चालकाला आधीच सांगून ठेवा, परतताना भद्रावतीला दोन तास थांबायचे आहे.