दगडी बाणाग्रांची ओळख व वर्गीकरण

शेतात किंवा नदीकाठी सापडलेला टोकदार दगड घेऊन विद्यार्थी शाळेत येतो व हे बाणाचे टोक आहे काय, असे विचारतो. अशा वेळी केवळ आकार पाहून उत्तर देणे उचित नव्हे. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या परिसरात तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. याच तालुक्यात तापी-गोमाई संगमावर वसलेल्या प्रकाशे येथे १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तेथील सर्वांत खालच्या, म्हणजे ताम्रपाषाणयुगीन थरांत रंगीत नक्षीच्या खापरांसह दगडी पाती मिळाली. लोखंड मात्र त्यावरील थरांपासूनच आढळले.

प्रथम दगडाची जात पाहावी. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी व अकीक यांच्या जातीचे दगड तयार होतात. ते काचेप्रमाणे फुटतात व त्यांना तीक्ष्ण धार येते, म्हणून सूक्ष्मास्त्रांसाठी तेच निवडले जात.

नंतर मानवी घडणीच्या खुणा शोधाव्यात. आघात झालेल्या जागेखाली किंचित फुगवटा असतो व तेथून शिंपल्यावरील रेषांसारख्या वक्र लहरी पसरतात. कडेवर बारीक कपच्या एका ओळीत काढलेल्या दिसतात. नांगराच्या फाळाने किंवा गाडीच्या चाकाखाली फुटलेल्या दगडावर कपच्यांची अशी नियमितता सहसा नसते व फुटलेला भाग ताजा दिसतो.

यानंतर आकारानुसार वर्ग पाडावेत. रुंदीच्या दुपटीहून लांब व समांतर कडांचे ते पाते. ज्यावरून पाती काढली तो उरलेला दगड म्हणजे गाभा. एक कड मुद्दाम बोथट केलेली अर्धवर्तुळाकृती ती चंद्रकोर. याखेरीज त्रिकोण, टोचणी व तासणी हेही प्रकार आहेत. भिल्ल बांधवांच्या तीरकामठ्यातील बाणाला एकच लोखंडी अग्र असते. परंतु प्राचीन काळी अनेक लहान पाती व चंद्रकोरी लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत चिकटवून एक शस्त्र सिद्ध होई. तशीच पाती विळ्यालाही बसवीत. म्हणून प्रत्येक टोकदार दगड बाणाग्र नव्हे आणि टोक नसलेली चंद्रकोरही बाणाचा भाग असू शकते.

वस्तूचा काळ मात्र तिच्या थरावरून व सोबतच्या वस्तूंवरून ठरतो. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७२-७३ साली एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात निरनिराळ्या अश्मयुगीन काळांची हत्यारे एकावर एक अशा थरांत मिळाली. तीच हत्यारे कोणी वेचून एका पेटीत ठेवली असती, तर त्यांचा क्रम कायमचा नष्ट झाला असता.

यास्तव विद्यार्थ्यांना दगड जमविण्याऐवजी नोंद करण्याची सवय लावावी. वस्तू जागीच ठेवून तिचे चित्र काढावे. शेत, तारीख व जवळची खापरे वहीत लिहावीत. खणू मात्र नये. विशेष काही आढळल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे. दगड शाळेच्या कपाटात आल्याने शाळेस एक वस्तू मिळते. तो जागीच राहिल्यास गावाचा इतिहास सुरक्षित राहतो.