गवताचे आच्छादन आणि मातीतील क्षार : हडसन उपसागर ते पनवेलची खारजमीन

प्रस्तावना : बांधाला खांड पडून भरतीचे पाणी शेतात शिरले की पुढे भात नीट येत नाही, हा पनवेल परिसरातील शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. पाणी ओसरते, मग क्षार मागे का राहतात? या प्रश्नावर कॅनडातील हडसन उपसागराच्या थंड किनाऱ्यावरील एक गवत चांगला प्रकाश टाकते.

पुक्सिनेलिया फ्रिगॅनोडीस : उत्तर ध्रुवाभोवतालच्या किनारी दलदलीतील हे बुटके, बहुवर्षायू गवत होय. त्याला बी क्वचितच धरते. जमिनीलगत धावणाऱ्या खोडाचा तुटलेला तुकडा चिखलात रुजतो व त्यातून हिरवी चटई तयार होते. हिमहंस या गवतावर चरतात. चराई मर्यादित असेल तर विष्ठेतील नत्रामुळे गवत उलट जोमाने वाढते. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः दक्षिणेकडील शेतांत मुबलक धान्य मिळू लागल्याने, हंसांची संख्या फार वाढली व त्यांनी गवत मुळासकट उकरले. टोरांटो विद्यापीठाचे रॉबर्ट जेफरीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील क्रम उलगडून दाखविला : आच्छादन गेल्याने बाष्पीभवन वाढते, केशाकर्षणाने खालचे क्षार वर येतात आणि त्या क्षारांत नवे रोप तग धरत नाही. म्हणजेच ऱ्हास हाच पुढील ऱ्हासाचे कारण ठरतो.

पनवेलचा संदर्भ : आपल्याकडे हीच क्रिया उन्हाळ्यात उघड्या खारजमिनीत घडते. फरक इतकाच की पावसाळ्यात क्षार धुपून उघाडीवाटे बाहेर जातात. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षारसहिष्णू भातवाण दिले. परंतु वाण क्षार सहन करतो, क्षारांचे वर येणे थांबवीत नाही. ते काम आच्छादनाचे आहे. बांधाबाहेरील खाजणात एल्युरोपस लॅगोपॉइडीस हे बहुवर्षायू गवत चिखल झाकून ठेवते व पानांवाटे मीठ बाहेर टाकते.

निष्कर्ष : सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत खारफुटीबरोबरच क्षारयुक्त दलदलींनाही संरक्षण आहे. तरीही खारफुटीची झाडे मोजली जातात आणि गवताळ खाजण मात्र 'पडीक' समजून भरावाखाली जाते. महाविद्यालयांच्या क्षेत्रभेटींत या गवताची नोंद दरवर्षी घेतली गेल्यास, भराव पडण्यापूर्वी तेथे काय होते हे सांगणारा पुरावा तरी हाती राहील.