आम्ही 'ग़रीब' माणसं

दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरून कोल्हापूरला व्हिडिओ कॉल जातो. पलीकडे सासूबाई चष्मा पुसून फोनसमोर बसलेल्या असतात आणि अलीकडून आमची पाचवीतली लेक त्यांना आठवडाभराचा हिशेब देते. इथे दुबईत आपल्या मुलांनाही शाळेत अरबी शिकावं लागतं. मे महिन्यातल्या त्या रविवारी तिला नवीन शब्दांची वाक्यं करायची होती. वही समोर धरून तिनं ठसक्यात वाचलं, "अबी ग़रीब हुना!" आणि आजीला कळावं म्हणून पुस्ती जोडली, "म्हणजे बाबा इथे ग़रीब आहेत."

('ग'खाली टिंब दिलंय ते उच्चारासाठी. चूळ भरताना घशातून आवाज येतो ना, तसा काहीसा.)

पलीकडे एकदम शांतता.

आता तुम्हाला सांगायला हवं. मार्चमध्ये ह्यांची नोकरी गेली होती. कंपनीनं अख्खा विभागच बंद केला. कोल्हापूरला आम्ही काही कळवलं नव्हतं, कारण सासऱ्यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. दुसरी नोकरी लागली की मग सांगू, असं ठरवलेलं. व्हिसाची मुदत, शाळेची फी, घरभाड्याचे चेक, सगळं लेक झोपल्यावर कुजबुजत बोलायचो. ती झोपलेली नसायची, हे मला त्या वाक्यानं कळलं.

मी घाईघाईनं पुढे झाले. "आई, तसं नाही हो. अरबीत ग़रीब म्हणजे पैसे नसलेला नव्हे. परका, अनोळखी असा अर्थ आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "अगं, परक्या मुलखात माणसाच्या हाताला काम नसलं, तर तो गरीबच की. खरं सांग, नोकरी हाय नव्हं त्याची?"

मला खोटं बोलता आलं नाही.

इकडे येण्याआधी मी सात वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. एम. ए.ला भाषाविज्ञान मन लावून केलेलं, पण इथे ते भाजी निवडतानाच काय ते उपयोगी पडतं. त्या रात्री मात्र सासूबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. त्या अनवधानानं बोलून गेल्या, पण या शब्दाचा प्रवास नेमका त्याच वाटेनं झालेला आहे.

ग़-र-ब या तीन अक्षरांतून अरबीत दूर जाण्याचे, मावळण्याचे शब्द तयार होतात. सूर्य मावळतो ती पश्चिम म्हणजे ग़र्ब. आपल्या इमारतीमागच्या मशिदीतून सूर्यास्ताला अजान होते ती मग़रिबची. मोरोक्को अरब जगाच्या पश्चिम टोकाला, म्हणून त्याचं अरबी नाव अल-मग़रिब. आणि घरापासून दूर आलेला, कोणाच्या ओळखीचा नसलेला, तो ग़रीब. तऱ्हेवाईक गोष्टीलाही अरब मंडळी 'ग़रीब' म्हणतात, तेव्हा बाजारात कोणी तुमच्या पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगांकडे बघून तसं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

फारसीत गेल्यावर या शब्दाला जरा करुणा चिकटली. ओळखदेख नाही, आसरा नाही, म्हणजे बिचाराच. हिंदुस्थानात रुळेपर्यंत परकेपण गळून गेलं आणि रिकामा खिसा तेवढा उरला. बहमनी, आदिलशाही, निजामशाहीच्या कारभारातून असे अरबी-फारसी शब्द मराठीत इतके शिरले, की शिवछत्रपतींनी त्यांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. पण कोश झाला दरबारच्या कामासाठी. गावोगावच्या गरिबाला कोण हलवणार?

मराठीनं तर त्याला आणखी एक वळण दिलं. "मुलगी स्वभावानं अगदी गरीब आहे हो," असं सांगतात तेव्हा पैशाचा संबंधच नसतो. उलट उत्तर देणार नाही, एवढीच हमी असते. हा अर्थ मला कधीच आवडलेला नाही.

जुना अर्थ पुरता गेला असंही नाही. हिंदीतल्या 'अजीबोगरीब'मध्ये तो शाबूत आहे. तिथला गरीब म्हणजे विलक्षण. आपल्या 'गरीबगुरबा'मधला गुरबा हे ग़रीबचंच अरबी अनेकवचन, म्हणजे आपण एकच शब्द दोनदा म्हणतो. उर्दूत गुरबत म्हणजे गरिबी, तसंच परदेशातलं राहणंही. इक्बाल यांनी १९०४ साली लिहिलेल्या 'सारे जहाँ से अच्छा'मध्ये तो या दुसऱ्या अर्थानं आला आहे, पण शाळेत आपण सहसा गाळतो त्या कडव्यात. मीही वर्गात ते कधी म्हणवून घेतलं नव्हतं.

मग अरबीत पैशानं गरीब कोण? तर फ़क़ीर! त्यांच्या परक्याला आपण कंगाल केलं आणि कंगालाला झोळी देऊन दारोदार फिरवलं.

हे सगळं मी शेजारच्या सिरियन बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आधी ती खूप हसली. मग म्हणाली, घरापासून दूर राहण्याला आम्ही ग़ुर्बा म्हणतो, आणि असं राहणारा तो मुग़्तरिब. दमास्कस सोडून तिला बारा वर्षं झालीत. हातातला चहा तसाच धरून ती बराच वेळ बसून राहिली. मीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दिरांनी पैसे पाठवले होते, उसाच्या बिलातले. हे चिडले. आईला सांगितलंसच का, म्हणून माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन लावला आणि गॅलरीत जाऊन तासभर बोलत बसले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सासऱ्यांना मात्र म्हणे पहिल्यापासूनच संशय होता. एरवी कामाच्या घाईत असणारा मुलगा एवढा निवांत कसा बोलतो, म्हणून.

ऑगस्टमध्ये नवी नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी आहे, घरही लहान घेतलंय. चकलीची भाजणी मात्र यंदाही कोल्हापूरहून आली. दर रविवारी सासूबाई अजून पहिला प्रश्न तोच विचारतात, "काय, गरीब माणसं जेवली का?" आणि लेक इकडून ओरडते, "आजी, गरीब नाही, ग़रीब! घशातून, घशातून!"