काट्याभोवतीची फौज

मुलाच्या पायात काटा मोडतो. तो काढला तरी दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. कधी तेथे पूही धरतो. ही सूज म्हणजे निव्वळ विकार, अशीच आमचीही समजूत होती. वस्तुतः तो शरीराने मांडलेला प्रतिकार असतो. आणि हे शास्त्रज्ञांस एका काट्यानेच शिकविले.

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. घरची मंडळी सर्कशीस गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाचे काचेसारखे पारदर्शक पिलू होते. त्याच्या अंगातील फिरत्या पेशी उपद्रवी वस्तूवर चालून जात असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून अशा पिलांच्या त्वचेखाली खुपसले. रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! पुढे १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. जखमेत जंतू शिरले की त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून तेथे धावतात. पेशी आपले अंग हातांसारखे पुढे करून जंतूला कवेत घेते व पोटातील एका पिशवीत कोंडते. मग त्या पिशवीत पाचक रस उतरतात, जहाल द्रव्ये तयार होतात आणि जंतूचा निकाल लागतो. या झुंजीत पेशीही मरतात. पुवात बव्हंशी त्यांचीच कलेवरे असतात.

क्षयाचा जंतू मात्र कपटी. फुफ्फुसातील मोठ्या भक्षक पेशीने गिळल्यावरही तो पाचक रसांना चुकवून तिच्याच पोटात तग धरू शकतो. असे दबून राहिलेले जंतू नाहीसे व्हावेत म्हणूनच क्षयाची औषधे बहुधा सहा महिने घ्यावी लागतात. पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि घरचेच म्हणतात, आता गोळ्या कशाला? तेथेच घात होतो. रोग उलटतो, आणि मग त्याच गोळ्या त्याला पुरेनाशा होण्याचा धोका असतो.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्यावाचून एकही गोळी चुकवू देऊ नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.