कुत्र्याचा विमा उतरवावा का?

गाईम्हशींचा विमा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत चांगलाच रुळलेला असून, जनावराच्या कानातला क्रमांकाचा बिल्ला नसेल तर भरपाईचा दावा अडतो, हे दुधाचा धंदा करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विमापत्र न वाचताही ठाऊक असते. परंतु पुण्यामुंबईच्या सदनिकांतून घरच्या माणसासारख्या वावरणाऱ्या कुत्र्याचाही विमा उतरवता येतो, ही गोष्ट त्याच्या धन्यांपैकी पुष्कळांना अद्याप नवलाची वाटते. वस्तुतः ही कल्पना जुनी आहे. स्वीडनमध्ये कुत्र्याचा पहिला विमा १९२४ साली उतरवला गेला आणि आज तेथील बहुसंख्य कुत्र्यांचा विमा उतरवलेला असतो. आपल्याकडेही सरकारी विमा कंपन्या असा विमा पूर्वीपासून देत आल्या असून, अलीकडच्या काळात खासगी कंपन्यांनीही या क्षेत्रात पाऊल टाकले आहे.

तथापि विमा घ्यावा की नाही हे ठरवण्यापूर्वी, तो नेमका कशाचा आहे हे पाहणे अगत्याचे. जुन्या धर्तीचा श्वानविमा पशुधनविम्याच्या साच्यातून निघालेला असल्यामुळे त्यात कुत्र्याची बाजारातील किंमत ठरवली जाई, आणि मुदतीच्या आत अपघाताने वा रोगाने ते दगावल्यास, पशुवैद्याचा दाखला व शवविच्छेदनाचा अहवाल दाखल केल्यावर तेवढी रक्कम हाती पडे. दुभत्या म्हशीच्या बाबतीत हा हिशेब न्याय्य आहे, कारण तिच्यावर कुटुंबाची उपजीविका चालते. कुत्र्याच्या धन्याची चिंता मात्र निराळी असते: त्याला नव्या पिल्लाची किंमत नको असते, असलेले कुत्रे वाचवायचे असते. शिवाय रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी कुत्र्याला बाजारभाव तो कोणता लावणार? म्हणून उपचारांचा खर्च ज्यात समाविष्ट नाही, असा विमा केवळ हप्ता कमी आहे एवढ्याच कारणासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचारांचा खर्च म्हणजे काय, ते गोचीडतापावरून ध्यानात येईल. गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरलेले सूक्ष्म जंतू प्रथम कुत्र्याची भूक मंदावतात, मग ताप चढतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सची संख्या घसरली म्हणजे एखाद्या सकाळी अंथरलेल्या गोणपाटावर नाकातून ठिबकलेल्या रक्ताचे डाग दिसतात. दुखणे वेळीच ओळखले तर स्वस्त गोळ्यांनी भागते. उशीर झाला तर मात्र सलाईन, दर दोनचार दिवसांनी रक्ततपासणी, दवाखान्यातला मुक्काम आणि प्रसंगी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढवणे, असा क्रम सुरू होऊन मोठ्या शहरात दहा हजारांचा आकडा केव्हाच मागे पडतो. आता पुष्कळ विमापत्रांत मूळ संरक्षण शस्त्रक्रियेला आणि दवाखान्यात दाखल होण्याला असते. ओपीडीतील तपासणी व औषधे यांसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. म्हणजे हेच कुत्रे रोज दवाखान्यात नेऊन, सलाईन लावून घरी आणले, तर ते बिल कंपनीकडून नामंजूर होण्याचा संभव राहतो. विमा सुरू झाल्यानंतरच्या आरंभीच्या काही दिवसांत उद्भवलेला आजार सहसा अमान्य होतो, हेही येथेच ध्यानात ठेवावे.

पूर्वीपासूनची दुखणी, नेहमीचे लसीकरण आणि गर्भारपण व प्रसूती यांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. आनुवंशिक व्याधींच्या कलमाकडे तर जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर पाळणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे, कारण खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष या जातींत वारंवार आढळतो. लस चुकली असेल तर पार्व्हो किंवा डिस्टेंपर या रोगांचा दावा टिकणे कठीण; यास्तव लसीकरणाची वही हा घरातल्या कोणत्याही दस्तऐवजाइतकाच महत्त्वाचा कागद समजावा. कुत्रे लंगडत असल्याचे अर्जात दडवणाऱ्याला तर पुढे कोणतीच दाद मागता येत नाही, कारण विम्याचा सारा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो.

विम्याऐवजी तेवढीच रक्कम दरमहा बँकेत बाजूला टाकावी, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. कुत्रे सातआठ वर्षांचे झाले म्हणजे नव्याने विमा मिळणे अवघड होते, आणि अशा वेळी शिल्लक हाच खरा आधार. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने चालणारे प्राण्यांचे जुने धर्मादाय रुग्णालय आहे. असे रुग्णालय आवाक्यात असणाऱ्याचा हिशेबही थोडा निराळा होईल. परंतु पिल्लू घरी आल्यावर पहिल्याच वर्षी संकट ओढवले, तर बँकेत साठलेले ते किती असणार? ज्या घरात एक मोठे बिल महिन्याची घडी विस्कटून टाकील, त्या घराने कुत्रे लहान व निरोगी असतानाच उपचारांचा विमा उतरवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मोठ्या, आडदांड जातीच्या कुत्र्याच्या धन्याने तिऱ्हाइताला झालेल्या इजेची भरपाई देणारे कलमही घ्यावे. कुत्रा शेजाऱ्याच्या मुलाला चावला तर त्या उपचारांची जबाबदारी टाळता येत नाही, आणि ती टाळूही नये.

सही करण्यापूर्वी जाहिरातीचे पत्रक नव्हे, तर संपूर्ण विमापत्र मागून घ्यावे आणि आपल्या पशुवैद्यासमोर ठेवून, या जातीला, या वयात, कोणते आजार संभवतात व त्यांतले यात काय बसते, असे सरळ विचारावे. दावा फेटाळला गेलाच तर लेखी कारण मागावे, कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा, आणि तेथेही निकाल न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत आणि तक्रारीला शुल्क पडत नाही. मात्र तेथे उभे राहताना मूळ बिले, तपासणीचे अहवाल आणि दवाखान्याचा शिक्का असलेला केसपेपर हाताशी हवा.